अस्तित्ववाद आणि वर्णद्वेष : सार्त्र, कामू आणि फॅनॉन यांच्या लेखनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. तटस्थ राहिलेल्यांत दक्षिण आफ्रिका होती. याच वर्षी तेथे अधिकृतपणे वर्णविभाजनाचे राज्य सुरू झाले होते. त्याच वर्षी, त्याच पॅरिस शहरात, सेनेगलचे कवी लिओपोल्ड सेदार सांघोर यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय कवींचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याला ज्याँ-पॉल सार्त्र याने 'ऑर्फे न्वार' म्हणजे 'काळा ऑर्फियस' या नावाची दीर्घ प्रस्तावना लिहिली. एकीकडे सर्व मानव समान आहेत अशी घोषणा होत होती आणि दुसरीकडे काळ्या माणसाला आपण काळे आहोत हे अभिमानाने सांगावेसे वाटत होते. या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत की विरोधी, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात अस्तित्ववाद शिकवला जातो तेव्हा एकाकीपणा, निरर्थकता, परात्मता, मृत्यूची जाणीव, निवडीचे स्वातंत्र्य हे शब्द हमखास येतात. वर्णद्वेष हा विषय मात्र राज्यशास्त्राच्या किंवा मानवी हक्कांच्या तासाला येतो. दोन विषयांत अशी भिंत असल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. अस्तित्ववादाचे प्रमुख लेखक ज्या काळात लिहीत होते तो यहुदींच्या संहाराचा, वसाहतींच्या उठावांचा आणि अमेरिकेतील वर्णभेदाचा काळ होता. त्यांच्या विचाराची खरी कसोटी तेथेच लागली. माणूस मुक्त आहे असे सांगणारे तत्त्वज्ञान, ज्याचे स्वातंत्र्य कातडीच्या रंगावरून किंवा जन्मावरून नाकारले जाते त्या माणसाला नेमके काय देते? प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाच्या आधारे सार्त्र, कामू आणि फॅनॉन यांच्या निवडक लेखनाची चिकित्सा केली आहे.

२. अस्तित्ववादाची भूमिका आणि 'नजर' ही संकल्पना

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या आणि १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानात सार्त्रने आपली भूमिका सोप्या भाषेत मांडली. वस्तू तयार होण्यापूर्वी तिचा हेतू ठरलेला असतो. माणसाचे तसे नसते. माणूस आधी असतो आणि नंतर आपल्या कृतींतून काहीतरी बनतो. अस्तित्व आधी, सत्त्व नंतर. याचा सरळ अर्थ असा की 'अमुक वंशाचे लोक जात्याच असे असतात' हे विधान तत्त्वतःच खोटे ठरते. वंशवाद म्हणजे माणसावर जन्मापूर्वीच सत्त्व लादणे. त्यामुळे अस्तित्ववाद हा मुळातूनच वंशवादाच्या विरोधातला विचार आहे, असे प्रथमदर्शनी वाटते.

'बीइंग अँड नथिंगनेस' (१९४३) या ग्रंथात सार्त्रने 'नजर' या संकल्पनेचे विवेचन केले आहे. कुलपाच्या छिद्रातून आत डोकावणारा माणूस आपल्या उद्योगात गढलेला असतो. मागून पावलांचा आवाज येतो आणि कोणीतरी आपल्याला पाहत आहे असे त्याच्या ध्यानात येते. त्या क्षणी तो पाहणारा राहत नाही, पाहिला जाणारा होतो. त्याला लाज वाटते. दुसऱ्याच्या नजरेत तो एक वस्तू बनतो. सार्त्रच्या मते हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. आज ज्याने मला पाहिले त्याला उद्या मीही पाहू शकतो.

येथेच पहिली अडचण आहे. ही परतफेड सर्वांना उपलब्ध असते काय? अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या पुरुषाने गोऱ्या स्त्रीकडे नुसते पाहिले तरी त्याचा जीव धोक्यात येई, असा दीर्घ काळ होता. तेथे पाहण्याचा अधिकार एका बाजूला होता आणि पाहिले जाण्याची सक्ती दुसऱ्या बाजूला. नजरेला मागे कायदा, पोलीस आणि जमाव यांचे बळ मिळाले की ती दोन व्यक्तींमधली घटना राहत नाही. सार्त्रच्या मूळ मांडणीत हे वजन नाही. पुढच्या काळात त्याने स्वतःच ते शोधण्याचा प्रयत्न केला.

३. यहुदी-द्वेषाची मीमांसा आणि 'लोकशाहीवादी' मित्राची चूक

सार्त्रने १९४४ मध्ये लिहिलेला व १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला यहुदी प्रश्नावरील छोटा ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे. त्याचे पहिले प्रतिपादन असे की यहुदी-द्वेष हे 'मत' नव्हे. मत अनुभवातून बनते आणि पुराव्याने बदलते. द्वेष आधी निवडला जातो आणि पुरावे नंतर गोळा केले जातात. द्वेष करणाऱ्याला स्वतःच्या स्वातंत्र्याची, बदलाची आणि जबाबदारीची भीती वाटते. म्हणून तो स्वतःला दगडासारखे पक्के करून घेतो. यालाच सार्त्रच्या परिभाषेत आत्मवंचना म्हणतात. वर्णद्वेषाला अज्ञान समजून केवळ माहिती देऊन तो दूर होईल असे मानणाऱ्यांना हे विवेचन सावध करते.

त्याहून मोलाचे आहे ते दुसरे प्रतिपादन. यहुदींचा बचाव करणारा एक सज्जन 'लोकशाहीवादी' असतो. तो म्हणतो की मला यहुदी दिसत नाही, फक्त माणूस दिसतो. सार्त्र दाखवतो की द्वेष्ट्याला माणूस नष्ट करून केवळ यहुदी शिल्लक ठेवायचा असतो, तर या मित्राला यहुदी पुसून टाकून केवळ माणूस शिल्लक ठेवायचा असतो. दोघांनाही जिवंत यहुदी माणूस नको असतो. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचार करावा असा हा मुद्दा आहे. समानतेच्या नावाखाली समोरच्याकडे त्याची भाषा, त्याची स्मृती, त्याची जीवनरीत सोडून येण्याची अट घातली जात असेल तर ती समानता कितपत खरी?

परंतु या ग्रंथाचा एक मोठा दोष नोंदवणे आवश्यक आहे. इतर लोक ज्याला यहुदी समजतात तो यहुदी, अशा आशयाची भूमिका सार्त्र घेतो. जणू यहुदींना स्वतःचा इतिहास, ग्रंथपरंपरा, सण, विनोद, तत्त्वचर्चा असे काहीच नाही. द्वेष संपला की यहुदीही संपला, असा त्यातून अर्थ निघतो. म्हणजे ज्या मित्रावर त्याने टीका केली त्याच मित्राची चूक वेगळ्या वाटेने तो स्वतःच करतो. पीडिताची ओळख पूर्णपणे पीडकाच्या नजरेवर अवलंबून ठेवणे हाही त्याच्यावर अन्यायच होय.

४. नाव नसलेली माणसे

१९३१ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात नऊ काळ्या मुलांवर मालगाडीत दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. हे स्कॉट्सबरो प्रकरण म्हणून ओळखले जाते. दोघींपैकी एकीने पुढे आपली साक्ष खोटी असल्याचे न्यायालयात सांगितले, तरीही त्या मुलांची वर्षानुवर्षे सुटका झाली नाही. १९४५ मध्ये अमेरिकेचा दौरा केलेल्या सार्त्रने या प्रकरणाच्या आधारे १९४६ मध्ये 'द रिस्पेक्टफुल प्रॉस्टिट्यूट' हे नाटक लिहिले. उत्तरेकडून आलेल्या लिझी या वेश्येने खोटी साक्ष द्यावी म्हणून सिनेटर आणि त्याचा मुलगा तिच्यावर दबाव आणतात. प्रथम पैसा, मग धमकी, आणि शेवटी गोऱ्या आईच्या अश्रूंचा हवाला. लिझी सही करते. सभ्य समाजाची आत्मवंचना कशी काम करते याचे हे नेमके चित्रण आहे.

मात्र ज्याचा जीव जाणार आहे त्या माणसाला या नाटकात नाव नाही. पात्रांच्या यादीत तो केवळ त्याच्या वंशाने ओळखला जातो. लिझी त्याच्या हाती पिस्तूल देऊ करते तेव्हा गोऱ्या माणसांवर आपण गोळी चालवू शकत नाही असे सांगून तो ते नाकारतो. शतकांच्या दहशतीने माणसाच्या मनाचे काय होते हे सार्त्रला दाखवायचे होते, असे म्हणता येईल. तरी प्रश्न राहतोच. निवडीचे स्वातंत्र्य हा ज्या तत्त्वज्ञानाचा प्राण आहे, त्याच्या नाटकात निवड करण्याची संधी फक्त गोऱ्या पात्रांना का मिळते? काळा माणूस तेथे गोऱ्यांच्या सदसद्विवेकाच्या परीक्षेचे साधन होऊन राहतो.

हाच प्रश्न आल्बेर कामूच्या 'लेत्रांजे' (१९४२) म्हणजे 'परका' या कादंबरीबाबत अधिक तीव्रतेने उभा राहतो. अल्जिरियाच्या समुद्रकिनाऱ्यावर म्यर्सो हा फ्रेंच तरुण एका अरबाला गोळी घालतो. एक गोळी झाडल्यावर तो थोडा थांबतो आणि निश्चल देहावर आणखी चार गोळ्या झाडतो. मृताचे नाव कादंबरीत येत नाही. त्याच्या बहिणीचेही नाव येत नाही. खटल्यात एकाही अरब साक्षीदाराला बोलावले जात नाही. न्यायालय चर्चा करते ती म्यर्सो आईच्या अंत्यविधीला रडला नाही याची. कादंबरीचे सर्वसाधारण विवेचन असे केले जाते की समाजाचे ढोंग न स्वीकारणाऱ्या प्रामाणिक माणसाला समाज मृत्युदंड देतो. हे विवेचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आयरिश अभ्यासक कॉनर क्रूझ ओब्रायन याने १९७० मध्ये असे दाखवून दिले की वसाहतीच्या प्रत्यक्ष व्यवहारात चाकू उपसलेल्या अरबाला मारल्याबद्दल फ्रेंच न्यायालयाने फ्रेंच माणसाला देहदंड देणे जवळपास अशक्य होते. म्हणजे न्यायव्यवस्था दोन्ही वंशांना सारखेच मानते असा भास ही कादंबरी निर्माण करते. एडवर्ड सईद याने 'कल्चर अँड इम्पीरियलिझम' (१९९३) मध्ये कामूच्या लेखनातील वसाहतीचा हा अदृश्य पाया अधिक विस्ताराने उघड केला.

कामूच्या बाबतीत न्याय्य राहायचे तर हेही सांगितले पाहिजे की १९३९ मध्ये पत्रकार म्हणून त्याने कबिली प्रदेशातील उपासमारीवर लेखमाला लिहिली होती. स्थानिकांच्या दैन्याकडे डोळेझाक करणारा तो माणूस नव्हता. म्हणूनच त्याच्या कादंबरीतील ते मौन अधिक विचार करायला लावते. वैयक्तिक सहानुभूती असूनही कलाकृतीच्या रचनेत असमानता कशी शिरते, याचा हा नमुना आहे. २०१३ मध्ये अल्जिरियन लेखक कामेल दाऊद याने मृताच्या धाकट्या भावाच्या तोंडून हीच कथा पुन्हा सांगितली आणि त्या अरबाला मुसा हे नाव दिले. एका नावासाठी सात दशके जावी लागली.

५. फॅनॉनचे उत्तर

फ्रांत्झ फॅनॉनचा जन्म १९२५ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक या फ्रेंच वसाहतीत झाला. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्सच्या बाजूने लढला आणि नंतर लियाँ येथे वैद्यकशास्त्र शिकला. 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' (१९५२) हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा तो २७ वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात एक प्रसंग आहे. एक लहान गोरा मुलगा त्याला पाहून घाबरतो आणि आईला बिलगतो. त्या क्षणी फॅनॉनला आपल्या शरीराची सवयीची जाणीव कोसळल्यासारखी वाटते. आपल्या देहावर आपल्या पूर्वजांविषयीच्या सगळ्या दंतकथा येऊन चिकटल्या आहेत असे त्याला वाटते. सार्त्रच्या छिद्रातून डोकावणाऱ्या माणसाने काहीतरी केले होते, म्हणून तो लाजला. फॅनॉनने काहीही केलेले नाही. तो फक्त दिसला आहे.

यहुदी आणि काळा माणूस यांच्यातील फरकही फॅनॉन येथे स्पष्ट करतो. यहुदीला काही काळ तरी अनोळखी राहता येते. काळ्या माणसाला तीही सवलत नसते. तो आपल्याविषयीच्या कल्पनेचा नव्हे तर आपल्या दिसण्याचाच बंदी असतो.

'काळा ऑर्फियस'वरील त्याची टीका या पुस्तकाचा गाभा होय. सार्त्रने कृष्णवर्णीय कवितेचे मनापासून कौतुक केले होते. परंतु त्याने तिला द्वंद्वात्मक प्रक्रियेतील एक दुबळा टप्पा ठरवले. गोऱ्यांचे वर्चस्व ही पहिली अवस्था, काळेपणाचा अभिमान हा तिचा निषेध, आणि वंशविरहित मानवी समाज हा अंतिम समन्वय. या हिशेबात काळेपणाचा अभिमान नाहीसा होण्यासाठीच जन्माला येतो. फॅनॉनची तक्रार अशी की ज्या क्षणी तो स्वतःला सापडत होता त्याच क्षणी एका मित्राने त्याला सांगितले की तू फक्त वाटेवरची पायरी आहेस. काळा माणूस आपल्या देहात जे सोसतो ते गोऱ्या माणसाच्या सोसण्याहून वेगळे आहे, हे सार्त्र विसरला, असे तो नोंदवतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. फॅनॉनने अस्तित्ववाद नाकारला नाही. पुस्तकाच्या अखेरीस तो भूतकाळाचा कैदी होण्यास नकार देतो आणि काळेपणालाही अंतिम सत्त्व मानत नाही. म्हणजे मुक्कामाविषयी त्याचा सार्त्रशी मतभेद नाही. मतभेद आहे तो मुक्कामाला कोणी, केव्हा आणि कोणाच्या वतीने पोहोचायचे याविषयी. वंशापलीकडे जाण्याचा निर्णय सोसणाऱ्याने घ्यायचा असतो, त्याच्या वतीने प्रस्तावना लिहिणाऱ्याने नव्हे.

६. ब्लिदाचे रुग्णालय : स्वतःच्या देशात परका

१९५३ च्या अखेरीस फॅनॉन अल्जिरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. तेथे युरोपीय स्त्रिया व मुस्लिम पुरुष यांचे वेगवेगळे कक्ष होते. अल्जिरियातील तत्कालीन फ्रेंच मानसोपचारशास्त्र स्थानिक माणसाला जन्मतःच आवेगी आणि बुद्धीने अपरिपक्व मानत असे. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या कॅरोदर्स या डॉक्टरच्या पुस्तकातही आफ्रिकी मनाविषयी याच धर्तीची मते होती. मानवी हक्कांचा जाहीरनामा पाच वर्षांचा झालेला असताना त्याच संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातील संस्थेने हे छापावे, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

फॅनॉनने सामूहिक उपचाराची पद्धत दोन्ही कक्षांत सुरू केली. बैठका, भित्तिपत्रकासारखे छोटे वृत्तपत्र, सण, हस्तव्यवसाय. युरोपीय स्त्रियांच्या कक्षात तिचा चांगला परिणाम झाला. मुस्लिम पुरुषांच्या कक्षात ती साफ फसली. १९५४ मध्ये सहकारी डॉ. अझुले याच्यासह लिहिलेल्या लेखात फॅनॉनने या अपयशाची कारणे प्रांजळपणे दिली आहेत. डॉक्टरांना रुग्णांची भाषा येत नव्हती. दुभाष्यामार्फत बोलणे म्हणजे रुग्णांच्या दृष्टीने न्यायालय किंवा सरकारी कचेरी. वेतकाम-विणकाम ही त्यांच्या समजुतीत बायकांची कामे होती. युरोपीय पद्धत सर्वांना लागू पडेल असे आपण गृहीत धरले, ही आपलीच चूक, असे त्याने मान्य केले. त्यानंतर कक्षात स्थानिक धर्तीचे कॉफीघर उघडले, मुस्लिमांचे सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. 'मला फक्त माणूस दिसतो' असे म्हणणाऱ्या लोकशाहीवाद्याची चूक येथे फॅनॉनच्या हातून घडली आणि रुग्णांच्या मूक नकाराने ती त्याच्या लक्षात आली. मानवतेचे तत्त्व खोटे नव्हते. ते एका विशिष्ट संस्कृतीचे कपडे घालून आले होते, एवढेच.

१९५६ मध्ये राजीनामा देताना त्याने लिहिलेल्या पत्राचा आशय असा की माणसाला आपल्या परिसरात परकेपणा वाटू नये हे मानसोपचाराचे काम आहे, आणि येथे तर अरब माणूस आपल्याच देशात कायमचा परका आहे. हे पत्र आणि कामूची कादंबरी शेजारी ठेवून वाचली तर 'परका' या शब्दाचा अर्थच पालटतो. म्यर्सोचे परकेपण जगाशी आहे. मृत अरबाचे परकेपण कायद्याने निर्माण केलेले आहे. १८६५ च्या हुकूमानुसार अल्जिरियन मुस्लिम हे फ्रान्सचे प्रजाजन होते, नागरिक नव्हते. नागरिकत्व हवे असेल तर आपला वैयक्तिक कायदा सोडावा लागे. पहिल्या परकेपणावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. दुसऱ्यासाठी आठ वर्षांचे युद्ध झाले आणि १९६२ मध्ये अल्जिरिया स्वतंत्र झाला.

७. तत्त्वज्ञान आणि तत्त्वज्ञाचे वर्तन

अस्तित्ववादी असणे ही वंशवादापासून संरक्षणाची हमी नव्हे. मार्टिन हायडेगर १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलप्रमुख झाला आणि त्याच वर्षी नाझी पक्षात गेला. २०१४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वह्यांमुळे त्याच्या विचारातील यहुदी-द्वेषाविषयी शंकेला जागा उरलेली नाही. अस्सल जगण्याची भाषा राष्ट्राच्या आणि मातीच्या पूजेलाही वापरता येते, हा धडा त्यातून मिळतो. याउलट कार्ल यास्पर्सने यहुदी पत्नीची साथ सोडली नाही व त्यापायी अध्यापकपद गमावले. १९४६ मध्ये त्याने जर्मन अपराधाविषयी लिहिताना फौजदारी, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक असे अपराधाचे चार प्रकार वेगळे केले. स्वतःच्या हाताने गुन्हा न केलेला नागरिकही जबाबदारीतून सुटत नाही, ही त्याची मांडणी आजच्या मानवी हक्कांच्या चर्चेतही उपयोगी पडते.

सार्त्रच्या वर्तनात विचार आणि कृती यांचा मेळ अधिक दिसतो. अल्जिरियातील छळाविरुद्ध त्याने १९५८ मध्ये लिहिले. १९६० मध्ये १२१ विचारवंतांच्या पत्रकावर सही केली. त्याच्या घरावर बॉम्बहल्ले झाले. सिमोन द बोव्हुआर हिने जमिला बुपाशा या छळ झालेल्या अल्जिरियन तरुणीची बाजू उघडपणे मांडली. परंतु फॅनॉनच्या 'द रेचेड ऑफ द अर्थ' (१९६१) या ग्रंथाला सार्त्रने लिहिलेली प्रस्तावना पुन्हा वादग्रस्त ठरली. त्यात हिंसेचे असे समर्थन आहे की हॅना आरेंट हिने सार्त्र फॅनॉनच्याही पुढे गेला आहे अशी टीका केली. फॅनॉनच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण मात्र डॉक्टरचे आहे. त्यात छळ झालेल्यांच्या मानसिक विकारांबरोबरच छळ करणाऱ्या पोलिसांच्या विकारांचीही नोंद आहे. हिंसेची किंमत दोन्ही बाजूंची मने मोजतात हे तो जाणून होता. प्रस्तावना वाचून ग्रंथ न वाचणाऱ्यांनी फॅनॉनवर अन्याय केला आहे.

८. मानवी हक्कांचा कायदा कोठे पुढे गेला?

जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व मानव जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे म्हटले आहे. मसुद्यातील पुरुषवाचक शब्दाऐवजी 'सर्व मानव' हा शब्द यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १९५० मध्ये युनेस्कोने वंशविषयक निवेदन प्रसिद्ध केले. ते तयार करणाऱ्या तज्ज्ञांत लेव्ही-स्ट्रॉस यांच्याबरोबर भारताचे हुमायून कबीर होते. वंश ही जैविक वस्तुस्थितीपेक्षा सामाजिक दंतकथा अधिक आहे, हे या निवेदनाचे सार होते.

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९६५ मध्ये सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला व १९६९ मध्ये तो अमलात आला. सार्त्र व फॅनॉन यांच्या वादाच्या प्रकाशात या करारातील दोन तरतुदी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, भेदभाव ठरवताना कृतीचा 'उद्देश' किंवा 'परिणाम' यांपैकी काहीही पुरेसे आहे. सार्त्रचा भर द्वेष्ट्याच्या निवडीवर आणि आत्मवंचनेवर होता. कायदा म्हणतो की कोणाच्या मनात द्वेष नसला तरी व्यवस्थेचा परिणाम विषम असेल तर तो भेदभावच. दुसरी, मागे ठेवल्या गेलेल्या समूहांसाठी केलेले विशेष उपाय हे भेदभाव ठरत नाहीत. म्हणजे 'मला फक्त माणूस दिसतो' एवढे म्हणून राज्यसंस्थेची सुटका होत नाही. माणूस ज्या स्थितीत आहे ती स्थितीही पाहावी लागते. लोकशाहीवादी मित्राची चूक कायद्याने अशा रीतीने अंशतः दुरुस्त केली.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. तो कृतीला शिक्षा करू शकतो, नजरेला नाही. दक्षिण आफ्रिकेचा स्टीव्ह बिको हा फॅनॉनचा वाचक होता. काळ्या माणसाने आधी स्वतःच्या मनातील हीनतेतून मुक्त व्हावे असे तो सांगत असे. १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत झालेल्या छळानंतर त्याचा मृत्यू झाला. हक्क मिळण्याआधी आपण हक्काचे धनी आहोत ही जाणीव लागते, आणि ती जाणीव कोणताही करार देऊ शकत नाही. तेथे साहित्याचे आणि शिक्षणाचे काम सुरू होते.

९. मराठी संदर्भ

१९६५ च्या करारात वंश, वर्ण यांच्याबरोबर 'जन्मकुळ' हा आधार भारताच्या सूचनेवरून आला. पुढे त्यात जात येते की नाही यावर वाद झाला. २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी हा प्रश्न मांडला आणि भारत सरकारने त्यास विरोध केला. २००२ मध्ये कराराच्या देखरेख समितीने जातीचा त्यात समावेश होतो असे मत दिले. जात म्हणजे वंश नव्हे, हे समाजशास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. परंतु जन्मावरून माणसावर सत्त्व लादण्याची रीत दोन्हींत सारखी आहे.

मराठीत १९६३ या एकाच वर्षी दोन पुस्तके आली. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. अस्तित्ववादाची चर्चा 'कोसला'भोवती पुष्कळ झाली. बागूल यांच्या शीर्षककथेकडे मात्र त्या अंगाने फारसे पाहिले गेले नाही. परप्रांतात रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण जात लपवतो, उघडकीला येतो आणि मार खातो. जात कातडीवर दिसत नाही. म्हणून या तरुणाची स्थिती फॅनॉनच्या काळ्या माणसापेक्षा सार्त्रच्या यहुदीला जवळची आहे. तो अनोळखी राहू शकतो, पण प्रत्येक प्रश्नाला भीत. त्याचे लपवणे ही आत्मवंचना म्हणावी काय? ज्याला खरे बोलण्याची शिक्षा मारहाण आहे त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप ठेवण्यापूर्वी, कोणी त्याला तेथे आणले हे विचारावे लागेल. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, तेव्हा हे नाते कार्यकर्त्यांनी समीक्षकांच्या आधी ओळखले होते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माणसाला पूर्वनिश्चित सत्त्व नाही, हा अस्तित्ववादाचा सिद्धान्त वंशवादाचे तात्त्विक अधिष्ठान काढून घेतो. परंतु हायडेगरच्या उदाहरणावरून दिसते की हा विचार आपोआप न्यायाकडे नेत नाही.

२) सार्त्रने द्वेष्ट्याच्या मनाची मीमांसा समर्थपणे केली. ज्याचा द्वेष केला जातो त्याचे स्वतःचे जीवन मात्र त्याच्या मांडणीत पुरेसे आले नाही.

३) सार्त्रच्या नाटकातील व कामूच्या कादंबरीतील निनावी माणसे ही या परंपरेची उणीव आहे. त्या साहित्यकृती नाकारण्याचे कारण नाही. त्या शिकवताना तो प्रश्न विचारला गेला पाहिजे.

४) फॅनॉनने अस्तित्ववादाला देह, इतिहास आणि वसाहत यांचे वजन दिले. ब्लिदा येथील त्याची आत्मटीका कोणत्याही शिक्षकाला उपयोगी पडेल अशी आहे.

५) मानवी हक्कांचा कायदा 'परिणाम' आणि 'विशेष उपाय' या तत्त्वांमुळे अमूर्त समानतेच्या पुढे गेला आहे. तरी नजर बदलण्याचे काम कायद्याच्या कक्षेबाहेर उरतेच.

'परका' ही कादंबरी वर्गात शिकवली जाते तेव्हा म्यर्सो का रडला नाही हा प्रश्न परीक्षेत येतो. मेलेल्या माणसाचे नाव काय होते, हा प्रश्न येत नाही. तो विचारला गेला तर विद्यार्थी पुस्तक उलटसुलट चाळतील आणि त्यांना उत्तर सापडणार नाही. त्या न सापडण्यातून मानवी हक्कांचा पाठ सुरू करता येईल.